नाव नसलेलं पद

रुक्मिणीशी मी बोलणं टाकलं होतं. ऐकून हसू येईल, पण आमच्याकडे देवाशी असं भांडण चालतं. कौंडण्यपूर हे तिचं माहेर, आणि आमचं गाव तिथून फार लांब नाही. माझ्या सासरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फुलं लावली. शेवंती, झेंडू, बिजली जे पिकेल ते अमरावतीच्या बाजारात जातं, आणि कार्तिकातल्या यात्रेला रुक्मिणीच्या गळ्यात आमच्या घरचा एक हार जातो. तो हार मी पाठवत होते, नमस्कार मात्र करत नव्हते. इतकी वर्षं तुला फुलं घालतो आणि तू माझ्या नवऱ्याच्या हातातली बाटली काढत नाहीस, मग मी तुझ्याशी काय बोलू, असा माझा हिशेब होता. दिवा लावायचे, पण तोंड फिरवून.

आमचे हे, म्हणजे पुंडलिक, मूळचे वाईट नव्हते. दारुड्याच्या प्रत्येक बायकोला असंच वाटतं, ते मला माहीत आहे, तरी सांगते. हात असा, की शेवंतीचा हार त्यांनी ओवला तर कुठे फूल वाकडं दिसायचं नाही. पुढे बाजारातल्या सोबत्यांबरोबर सवय लागली, आधी संध्याकाळची, मग सकाळचीही. संध्याकाळ झाली की मी वावरातल्या पंपाच्या खोलीच्या पायरीवर उभी राहायची. तिथून डांबरी रस्ता दिसतो. कोणती गाडी येते, कोण उतरतं, चाल कशी आहे, हे पाहत उभी. सासूबाई होत्या तोवर त्याही यायच्या. त्या वाट पाहता पाहताच गेल्या. मग मी एकटी उभी राहू लागले. बसले तर काहीतरी विपरीत घडेल असं मला वाटायचं, जणू माझ्या उभं राहण्यानेच तो माणूस घरी येत होता.

आमच्या घरात एक रीत आहे. देवाच्या हाराचं फूल हुंगायचं नाही, आणि हार ओवताना तोंडात काही ठेवायचं नाही, पानसुद्धा नाही. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एका सकाळी ह्यांच्या हातातली सुई काढून घेतली. "देवाच्या फुलाले आपन नाकाचा वास लागू देत नाई," ते म्हणाले, "तुह्या तोंडाचा कसा लागू द्यू?" शिवी नाही, मार नाही. त्या दिवसापासून देवाचा हार मामाजी करू लागले, त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता तरी. हे अंगणात बसून बघत राहिले आणि नंतर उठून प्यायला गेले. शेवटी माझ्या भावाने त्यांना गाडीत घातलं आणि अकोल्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. आधी तिथे जायचं नाही म्हणून भांडले, आणि गेल्यावर तोंडच उघडलं नाही.

मी भेटायला गेले तेव्हा तिथल्या ताईंनी मला बाजूला घेतलं. संध्याकाळी सगळे गोल करून बसतात आणि एकेक जण आपली गोष्ट सांगतो, पण हे काही सांगतच नाहीत, असं त्या म्हणाल्या. "राग असेल तर रागच सांगा म्हणते मी त्यांना. पण ते जमिनीकडे बघतात." मी पिशवीतून शेवंती नेली होती, तिथल्या देवाच्या फोटोला. ताईंनी विचार केला आणि स्वतः समोर बसून ह्यांना सुई-दोरा दिला. अंगातून दारू निघत होती ते दिवस. हात असा थरथरत होता की दोरा सुईच्या डोळ्यात जाईना. मी ओवून दिला. पहिलं फूल घरंगळलं, दुसरं घरंगळलं, आणि मग खाली बघतच ते काही पुटपुटले. मला वाटलं, बरळताहेत. कान देऊन ऐकलं तर चाल लागलेली होती, आमच्या गावच्या भजनाची.

हात कापे माहा, सुई दोरा सुटे ।
फूल कुठे कुठे, शोधू माय ॥

ताईंनी वही पुढे केली नाही की शाबासकी दिली नाही. "पुढचं?" एवढंच विचारलं. पुढचं त्या दिवशी नव्हतं. पण संध्याकाळच्या गोलात जे त्यांना बोलता येत नव्हतं ते त्यांनी म्हणून दाखवलं, असं मला नंतर कळलं. एक एक ओळ, जसं एक एक फूल. लिहून काही ठेवत नसत. म्हणायचे, ओवलेलं आपोआप लक्षात राहतं. मी भेटायला जायची तेव्हा मला नव्या ओळी ऐकवायचे आणि मी परतीच्या एसटीत त्या घोकत यायची. तक्रार करणाऱ्या बाईच्या तोंडी परतीच्या वाटेवर गाणं यावं, म्हणजे बघा. ही ओळ मला तेव्हाच पाठ झाली:

घसा मागे घोट, मन मागे माती ।
दोघांची पंचाती, कोण तोडे ॥

मी ह्या माणसाबरोबर इतकी वर्षं संसार केला आणि त्याच्या आत असा तंटा चालतो हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, त्याला प्यायचंच असतं, म्हणून तो पितो. घसा दारू मागतो आणि मन वावरातली माती, आणि मधे हा माणूस उभा, हे मला त्या दोन ओळींनी सांगितलं. रागाने मी जे कधी विचारलं नसतं, त्याचं उत्तर मला न विचारता मिळालं. त्या दिवसापासून मला ह्यांचं कौतुक वाटू लागलं. सोडली म्हणून नव्हे, सोडणं अजून व्हायचं होतं. पण आपली लाज चालीवर बसवून चारचौघांत म्हणायची, याला छाती लागते. बाकीचे लोक तर आजारपण म्हणून सांगतात, पोटाचं, पित्ताचं.

घरी आल्यावर त्यांनी मामाजींना विचारलं, हार करू का? मामाजी म्हणाले, "करजो. पन बाजाराचा. देवाचा नाई." हे नुसते हो म्हणाले. लग्नाचे, गाड्यांचे, पुढाऱ्यांचे हार करत बसायचे आणि गुणगुणायचे. गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. पुंडलिक केंद्रातून शायर होऊन आला, अशी थट्टा झाली. पारावर कोणी विचारायचं, "काय पुंडलिकभाऊ, आज कोनती ओली कविता?" हे हसून उत्तर द्यायचे, "ओली व्हती, आता वाळत घातली." मला असं उत्तर सुचलं नसतं, मी चप्पल काढली असती. पण थट्टा करणाऱ्यांपैकीच एकाची बायको एका दुपारी आमच्या अंगणात आली, फुलं घ्यायच्या निमित्ताने, आणि घुटमळत म्हणाली, "वहिनी, ते घोट आन् मातीवालं एकदा म्हनाले लावा न त्याईले. आमच्या घरी आयकवाचं हाये." अशा दोन-तीन जणी आल्या. हे कुणाला उपदेश करत नसत. पद म्हणायचे आणि फुलं बांधून द्यायचे.

गावच्या भजनी मंडळाचे वामनबुवा एकदा मुद्दाम ऐकायला आले. ऐकून त्यांचे डोळे भरले, आणि लगेच त्यांनी अडचण सांगितली. आमच्या मंडळाची रीत अशी, की शेवटच्या कडव्यात कर्त्याचं नाव नसेल तर ते पद मंडळात म्हणायचं नाही. "धन्याबिगर पद म्हनजे चोरीचं वाटते बापू," बुवा म्हणाले. "शेवटी 'पुंडलिक म्हने' घाल, आमी यात्रेत म्हनतो. टाळ-मृदंगावर म्हनतो." ह्यांनी मान हलवली. नाही. बुवांनी पुष्कळ समजावलं. शेवटी हे म्हणाले ते माझ्या अजून कानात आहे. "बुवा, ते नाव कोनाचं हाये? त्यानं मायबापाची सेवा केली आन् देवाले विटेवर उभं ठेवलं. म्या पिऊन मायबापाले उभं ठेवलं. माही माय उभ्या उभ्या गेली. ते नाव म्या कोन्या तोंडानं घेऊ?" बुवा उठून गेले. मी चुलीपुढे होते, माझी तव्यावरची भाकर करपली. पद तसंच राहिलं, शेवटच्या कडव्याविना, आमच्या अंगणापुरतं.

अशी कार्तिकातली यात्रा आली. आम्ही देवळाकडे चढणाऱ्या वाटेवर फुलांचं दुकान लावतो, दरवर्षी त्याच जागी. सकाळी मामाजी माझ्या शेजारी बसले होते, रुक्मिणीच्या हारासाठी शेवंती निवडत. निवडता निवडता ते थांबले. डोळ्यांना आता दिसत नव्हतं, की दिसत होतं आणि त्यांनी ठरवलं होतं, मी सांगू शकत नाही. त्यांनी सुई ह्यांच्यापुढे धरली. "घे. करजो," म्हणाले, "मले आता सुधरत नाई." ह्यांनी सुई घेतली, हात धुऊन आले. मग हार ओवायला लागले. असा हार मी आमच्या घरात पाहिला नव्हता. आणि तो संपवून, केळीच्या पानात गुंडाळून, मामाजींच्या मांडीवर ठेवून, फुलांवर मारायला नदीचं पाणी आणतो म्हणून हंडा घेऊन ते उठले आणि परत आले नाहीत.

माणूस दुःखातच पितो असं लोकांना वाटतं. मी सांगते, सुख जास्त धोक्याचं. दुःखाची त्यांनी तयारी केली होती, पदं केली होती. बापाने सुई परत दिली ह्याची तयारी कुठे होती? गर्दीत बाजारातले जुने सोबती मला सकाळीच दिसले होते, आंब्याखाली गाडी लावून बसलेले. दुपार कलली. मी दुकान मामाजींवर सोडून निघाले. घाटावर वरूनच पाहिलं, खाली नुसती डोकी दिसली, बैलगाड्यांत पाहिलं, आंब्याखाली पाहिलं. गाडी तिथे नव्हती. चिवड्याच्या दुकानदाराने सांगितलं, तुमचे मालक त्या लोकांसोबत उभे होते, हातात काहीतरी होतं. काय होतं ते विचारायची गरज नव्हती. एवढं सगळं करून शेवटी तेच, असं वाटलं.

मी देवळात गेले. रांग मोडून गेले, लोक ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी रुक्मिणीच्या तोंडाकडे पाहिलं. हात जोडले नाहीत. मोठ्याने बोलले, शेजारच्या बाया वळून पाहू लागल्या. म्हटलं, "हे तुह्यं माहेर हाये न? माहेरी बाईचं सगळे आयकतात. मंग माह्यं काहून नाई आयकत? म्या लय उभी राह्यली वं माय. आता माह्यानं नाई होत. मी आता त्याले शोधनार नाई, वाट पाहनार नाई. तुह्या दारात हरवला, तू पाह्य." एवढं बोलून वळले. यात भक्ती नव्हती, मी थकले होते, दुसरं काही नाही. ओझं वाहून वाहून माणूस ते खाली टाकतो तसं मी ते तिच्या पायाशी टाकलं. दुकानावर परत आले आणि पोत्यावर बसले. खरोखर बसले, रस्त्याकडे न बघता, आणि झेंडू ओवू लागले. मामाजींनी विचारलं, "भेटला?" मी म्हटलं, "नाई. भेटन तवा भेटन."

उन्हं उतरली तेव्हा समोर दोन पाय येऊन थांबले. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, हंड्यात पाणी. मी मान वर केली नाही, आधी श्वास घेतला. दारुड्याच्या बायकोचं नाक कुत्र्यासारखं होतं. वास आला तो नदीच्या गाळाचा आणि शेवंतीचा. दुसरा नव्हता. मी पुन्हा श्वास घेतला. मग मला रडू आलं आणि ते माझ्यासमोर ओल्या धोतराने खाली बसले.

त्यांनी सांगितलं ते असं. सोबत्यांनी हाक मारली, हे गेले. बाटली हातात आली. झाकण उघडलं होतं, ते त्यांनी लपवलं नाही. तेवढ्यात मागून कोणीतरी हाताला धरलं. एक म्हातारी, नऊवारी लुगडं, सुपारीएवढा अंबाडा, सोबत कोणी नाही. "बापू, जरा हात दे," म्हणाली, "घाट उतरून दे. पाय घसरते माहा." हे म्हणाले, दुसऱ्या कोणाला सांग आजी. ती म्हणाली, "दुसरा काहून? तुहे दोनी हात हायेत न?" तिला धरायचं तर बाटली ठेवावी लागत होती. त्यांनी ती गाडीच्या टपावर ठेवली. त्यांचा हात थरथरत होता, तिचाही वयाने थरथरत होता. "तुहा बी कापते, माहा बी कापते," म्हातारी म्हणाली, "घट धर म्हंजे जमते." पायरी पायरीने उतरवलं. मग तिने आंघोळ करेपर्यंत थांब म्हणून बजावलं, लुगडं राखायला बसवलं. आंघोळ झाली तर तिला दिवा सोडायचा होता. दिवा लावायला घेतला तर काड्याची पेटी भिजलेली, ती कुणाकडून तरी मागून आणायला लावली. मग तेल्हाऱ्याकडच्या आपल्या गावची सगळी कहाणी तिने सांगितली, सून कशी, जावई कसा, कापूस कसा. हे मधेच उठायला लागले की ती डाफरायची, "बस खाली. एवढी काय घाई हाये तुले?" इतका वेळ लावला की सोबती वर हाका मारून मारून कंटाळले आणि निघून गेले. मग तिने पुन्हा हात धरून घाट चढवायला लावलं, आणि वर आल्यावर हात सोडून गर्दीत शिरली. धन्यवाद नाही, आशीर्वाद नाही. हंडा भरायला हे पुन्हा खाली गेले आणि तिथे पाण्यात उभं राहून पुष्कळ रडले.

मला त्यांचंच एक कडवं आठवलं. केंद्रातून घरी येताना केलेलं:

रस्त्यात दुकान, पाय तिथं जाती ।
धर मले हाती, रुक्माबाई ॥

मी ते म्हटलं नाही. त्यांनाही आठवलंच असणार, आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो. प्रसाद घेऊन आम्ही त्या म्हातारीला शोधलं. तेल्हाऱ्याच्या लोकांची गाडी केव्हाच सुटली होती, आणि अशी म्हातारी तिच्यात बसली की नाही हे कुणी सांगू शकलं नाही. यात्रेत तशा म्हाताऱ्या शेकड्यांनी येतात. मंडळाचे लोक म्हणतात, ती रुक्मिणीच होती. मी वाद घालत नाही. ती तेल्हाऱ्याची बडबडी म्हातारी असेल तर देव तिचे गुडघे चांगले ठेवो. मला एवढंच ठाऊक आहे, की मी ज्या वेळी ओझं खाली टाकलं, त्याच वेळी कुठेतरी घाटावर कुणीतरी माझ्या माणसाला "बस खाली" म्हणून दरडावत होतं.

दिवेलागणीला मंडळाची पाळी आली. हार रुक्मिणीच्या गळ्यात पडला होता. हे स्वतःहून वामनबुवांकडे गेले आणि कानात काही बोलले. बुवांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मृदंगवाल्याला खूण केली. कापणाऱ्या हातापासून सुरुवात झाली, मग घोट आणि माती, मग रस्त्यातलं दुकान. लोक हळूहळू जवळ सरकले. दारूचं गाणं देवळात, म्हणून सुरुवातीला एक-दोघं कुजबुजले, मग तेही गप्प झाले. मी बाहेर दुकानापाशी उभी होते. नेहमीची खोड, उभीच. आणि मग हे एकटे म्हणू लागले, मंडळाला न येणारं, नवं:

विटेवर देव, पायरीले बाई ।
थकली ती नाई, उभ्या उभ्या ॥

पुंडलिक म्हने, आलो आता घरी ।
तू बी आता तरी, खाली बैस ॥

टाळ थांबले. बुवांनी शेवटची ओळ पुन्हा घेतली, मग सगळ्या मंडळाने घेतली, मग बायांनी घेतली. मामाजी माझ्या शेजारी होते. त्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि मला पोत्यावर बसवलं. म्हातारा माझ्याहून जास्त रडत होता, आणि मोठ्याने, आमच्याकडे पुरुष तसे रडत नाहीत. माझ्यावर कोणी काही लिहील असं मला कधी वाटलं नव्हतं. मी तर भांडखोर बाई. पण ज्या नावाची त्यांना लाज वाटत होती, ते त्यांनी माझ्यासाठी तोंडातून काढलं, आणि देवाला जे सांगायचं तेच मलाही सांगितलं.

कुणीतरी ते फोनवर उतरवलं. अकोल्याच्या ताईंपर्यंतही पोहोचलं, आणि आता तिथल्या गोलात ते म्हणतात असं कळलं. ह्यांचा झगडा संपला असं मी म्हणणार नाही. एखाद्या संध्याकाळी ते फार गप्प होतात, हाताला काम शोधतात, मी शेवंतीची टोपली पुढे सरकवते. कधी त्यातून नवी ओळ निघते, कधी नुसता हार. ते माझ्या हातात नाही, त्यांच्याही पूर्ण हातात नाही, हे आता दोघांनाही कळतं. रुक्मिणीशी मी पुन्हा बोलते. भांडतेही, माहेरवाशिणीशी भांडायचं नाही तर कुणाशी? पण दिवा लावताना आता तोंड फिरवत नाही.

पंपाच्या खोलीची पायरी तशीच आहे. संध्याकाळी फुलं घेऊन मी तिथेच जाते, वारा असतो म्हणून. रस्त्यावर गाड्या थांबतात, माणसं उतरतात. मी रस्त्याकडे पाठ करून बसते आणि ओवत राहते.